साडी नेसणारा पुरुष ट्रान्सजेंडर असतोच का?

दादासाहेब फाळक्यांच्या 1917 सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली होती. अण्णा साळुंके त्याचं नाव. त्याआधी चार वर्षं ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधता शोधता फाळके टेकीला आले होते, सिनेमात तोंड दाखवायला एकही बाई तयार होईना. अखेर मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा हा सडपातळ माणूस त्यांच्या नजरेत भरला आणि पहिल्या भारतीय कथापटाला नायिका मिळाली. पुढे साळुंके कॅमेऱ्यामागे गेला, छायालेखक झाला. ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढत असं सांगतात. म्हणजे त्याच खेळात त्याच माणसाला लोकांनी देव म्हणून हात जोडले आणि सीता म्हणून त्याच्यासाठी डोळे पुसले. तो ‘खरा’ कोण, हा प्रश्न खेळाच्या आड आला नाही.

आज एखाद्या पोराने नऊवारी नेसून लावणीचा व्हिडिओ टाकला की दोन प्रकारचे लोक धावून येतात. एक शिवी घालतो. ती कोणती ते सांगायला नको. दुसरा सहानुभूतीने सांगतो, ‘लाजू नकोस, तू ट्रान्स आहेस हे मान्य कर.’ पहिला दुष्ट आणि दुसरा भला हे खरंच, पण दोघांचं गणित एकच आहे: अंगावर बाईचे कपडे, म्हणजे आत बाई. या गणिताचं उत्तर साफ चूक आहे. तरीही ते इतकं चिवट का ठरलं, आणि कधीकधी बरोबर का निघतं, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

आधी एक किरकोळ वाटणारी गोष्ट निस्तरून टाकू. कोणते कपडे घालावेसे वाटतात, आपण स्वतःला पुरुष मानतो की स्त्री की आणखी काही, आणि आपल्याला आकर्षण कोणाचं वाटतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावरून बाकी दोघांची उत्तरं काढता येत नाहीत. हे लैंगिकतेवरच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात सापडेल. अडचण पुस्तकात नाही, समाजात आहे.

मराठी माणसाला तर हा विषय परका असायचं कारणच नाही. आमची संगीत रंगभूमी उभी राहिली ती पुरुषांनी नेसलेल्या शालूंवर. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, आणि मग नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, 1913 मध्ये त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांच्या नेसण्याची, केसांच्या रचनेची, दागिन्यांची नक्कल घराघरातल्या बायका करत. स्त्रीत्वाचा नमुना बायकांनी एका पुरुषाकडून घ्यावा असा तो चमत्कारिक काळ. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 रोजी झाला, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती. दुःख गिळून हा बाप भामिनीच्या वेशात उभा राहिला. 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचं काम केलं, पण लोकांना त्यांची रुक्मिणीच हवी होती. पन्नाशी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिका करत राहिले.

बालगंधर्वांच्या मनात काय होतं, हे आज ठामपणे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. भूमिकेत ते इतके विरघळून जात, त्यावरून काही जण आता मागे वळून त्यांना आजच्या चौकटीत बसवू पाहतात. मला हा उद्योग पटत नाही. जे नोंदलं गेलं आहे ते एवढंच: संसार केलेला, स्वतःला पुरुष म्हणवणारा एक नट, ज्याने आयुष्याचा मोठा भाग लुगड्यात काढला. विष्णुपंत पागनीसांचंही तसंच. रंगभूमीवर स्त्रीपार्टी म्हणून नाव कमावलेला हा नट 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ झाला आणि पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर तुकोबा उभे राहतात ते त्याच्याच चेहऱ्याने.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. तमाशातही पुरुष बाईच्या वेशात नाचत. नाच्यापोऱ्या हा फडाचा जुना आधार. स्त्री कलावंत फडावर आल्या तसा तो मागे सरकला, तरी गवळणीतली मावशी राहिली: डोक्यावर पदर, कमरेत लचकणं, कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालणं. पण बालगंधर्वांच्या वाट्याला आलेला मान नाच्याच्या वाट्याला कधीच आला नाही. गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत नाच्या इतका अस्सल उभा केला की खऱ्या आयुष्यातल्या त्या संसारी माणसाकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि ती छाप त्यांना जन्मभर पुसता आली नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतल्या गुणाचं दुःख नेमकं हेच आहे. पहिलवानी अंगाचा, राजाची भूमिका करायचं स्वप्न पाहणारा हा शेतमजूर फडाला नाच्या मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो, आणि मग घर, गाव, नाती त्याच्या पुरुषपणावर बोट ठेवतात. 2010 मध्ये रवी जाधवांच्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी तो पडद्यावर आणला तेव्हा शहरी प्रेक्षक हळहळला. त्याच प्रेक्षकाच्या आजोबांनी बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं होतं. साडी दोघांच्याही अंगावर होती. फरक जातीचा, तिकिटाच्या दराचा आणि थिएटर कुठल्या पेठेत आहे याचा होता. साडी नेसणाऱ्या पुरुषाला समाज काय म्हणतो, हे त्या पुरुषापेक्षा समाजाबद्दल जास्त सांगतं.

तळकोकणात अजूनही हा प्रश्न कुणी विचारत नाही. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा दशावतारी मंडळ्यांत सगळ्या बायका पुरुषच होतात. नट स्वतःच आरशासमोर बसून तोंड रंगवतो, गंगावन बांधतो, निऱ्या काढतो, आणि लिहिलेली संहिता नसताना रात्रभर राणीचे संवाद उभ्या उभ्या रचत जातो. जत्रा संपली, पेटारा बंद झाला की तो घरी जाऊन शेतीची कामं बघतो. शिमग्यातली गोमूही पुरुषच. कोकणच्या बाहेर पडलं तर केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा इथल्या देवीच्या चमयविळक्कू उत्सवात दरवर्षी हजारो पुरुष बाईचा शृंगार करून हातात दिवा घेऊन उभे राहतात. त्यात नवस फेडणारे असतात, हौशी असतात आणि पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, स्त्रियाही असतात. त्या रांगेत कोण कशासाठी उभं आहे, हे दिव्याच्या उजेडात कुणाला ओळखू येणार?

कपडा आणि ओळख यांचा सगळ्यात अवघड गुंता जोगत्यांपाशी आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला पुरुष साडी नेसतो, डोक्यावर देवीचा ‘जग’, म्हणजे तिची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतो, परडी घेऊन जोगवा मागतो. काही जण मुळातच स्वतःला स्त्री मानणारे असतात. त्यांना देवीच्या नावाने जगायला एक जागा मिळते. पण अंगावर काही आजार उठला, केसांत जट आली, घरच्यांनी कौल लावला आणि पोराला सोडलं, असंही होत आलं आहे. राजन गवस यांच्या लेखनावर आधारलेल्या ‘जोगवा’ (2009) चित्रपटातला तायप्पा असाच आहे. उपेंद्र लिमयेंनी केलेली ही भूमिका पाहताना कळतं की या माणसाच्या अंगावरची साडी ही त्याची शिक्षा आहे. तो आतून पुरुष आहे, एका जोगतिणीवर त्याचं प्रेम आहे, आणि लुगडं फेडण्यासाठीच त्याची सगळी धडपड आहे. म्हणजे एकाच देवीच्या दारात, एकाच वेशात, एकाची मुक्ती आणि दुसऱ्याचा तुरुंग. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतील.

डॉक्टरांचा गोंधळही काही कमी नव्हता. बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्डने 1910 मध्ये ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात 17 जणांच्या हकिकती होत्या. भिन्नलिंगी वेशाची ओढ म्हणजे समलैंगिकता नव्हे, हे त्याने तेव्हाच सांगितलं आणि ते मोठंच काम होतं. पण त्या 17 जणांत फावल्या वेळी वेश बदलणारे आणि पूर्ण आयुष्य दुसऱ्या लिंगाचं म्हणून जगू पाहणारे असे दोन्ही होते. त्यांना वेगळं करणारी भाषा अजून व्हायची होती. 1952 मध्ये अमेरिकेच्या क्रिस्टीन जॉर्गेन्सनच्या डेन्मार्कमधल्या शस्त्रक्रियेची बातमी जगभर गाजली, तेव्हासुद्धा तिच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘ट्रान्सव्हेस्टिझम’ हाच शब्द होता. एका स्त्रीने आपलं शरीर आपल्या मनाशी जुळवून घेतलं, आणि वैद्यकाने त्याची नोंद कपड्यांच्या खात्यात केली! हॅरी बेंजामिनने 1966 च्या पुस्तकात अधूनमधून वेश बदलणाऱ्यापासून शस्त्रक्रियेची निकड असणाऱ्यापर्यंत पायऱ्या मांडल्या, तेव्हा कुठे ही दोन खाती वेगळी होऊ लागली.

त्याच काळात अमेरिकेत व्हर्जिनिया प्रिन्स 1960 पासून वेश बदलणाऱ्यांसाठी ‘ट्रान्सव्हेस्टिया’ नावाचं नियतकालिक चालवत होती. आपण शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी नाही, हे ती हिरिरीने सांगे. तिने रिचर्ड डॉक्टर यांच्याबरोबर 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 1032 क्रॉसड्रेसर पुरुषांपैकी 87 टक्क्यांनी आपण भिन्नलिंगी आकर्षण असणारे आहोत असं सांगितलं, आणि 60 टक्के त्या वेळी विवाहित होते. ही माणसं बहुतेक अशा मंडळांशी जोडलेली, त्यामुळे हा आकडा जगाला लावता येत नाही. स्वीडनमध्ये 18 ते 60 वयाच्या 2450 लोकांच्या पाहणीत मात्र निवड यादृच्छिक होती. तिथे 2.8 टक्के पुरुषांनी भिन्नलिंगी वेशातून कधीतरी लैंगिक उत्तेजना अनुभवल्याचं सांगितलं. इतक्या पुरुषांपैकी फार थोडे स्वतःला स्त्री मानणारे असणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतून वेशांतराशी जोडलेली निदानं काढूनच टाकली, आणि लिंगओळखीतली विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर नेली. दोन गोष्टी दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडल्या हे लक्षात घेण्यासारखं आहे.

एवढ्यावर ‘क्रॉसड्रेसर वेगळा, ट्रान्स वेगळा’ अशी रेघ ओढून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ती रेघही टिकत नाही. ब्रिटनमधली दोन माणसं घ्या. कुंभारकाम करणारा चित्रकार ग्रेसन पेरी 2003 मध्ये प्रतिष्ठेचा टर्नर पुरस्कार घ्यायला झालरीच्या फ्रॉकमध्ये गेला. ‘क्लेअर’ हे त्याच्या त्या रूपाचं नाव. तो स्वतःला ट्रान्सव्हेस्टाइट म्हणवतो, पुरुष म्हणवतो, बायको-मुलीसह संसार करतो. दुसरी एडी इझार्ड. नव्वदच्या दशकात लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून विनोदी कार्यक्रम करणारी, तेव्हा स्वतःला ट्रान्सव्हेस्टाइटच म्हणवणारी. 2020 मध्ये तिने स्वतःसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम निवडलं, पुढे सुझी हे नाव घेतलं. देश तोच, पिढी तीच आणि सुरुवातीला शब्दही तोच. तरी एकाचं उत्तर वीस वर्षांत बदललं नाही आणि दुसरीचं बदललं. दोघेही खोटं बोलत नव्हते. अनेक पारलिंगी स्त्रियांनी आपल्या आयुष्याची हकिकत सांगताना आईची साडी गुपचूप नेसून पाहिल्यापासून सुरुवात केली आहे. वेश ही कुणाची मंजिल असते, कुणाचा थांबा, आणि कुणाचा नुसता आनंद.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ या, बाईचा साज करणाऱ्या कलावंतांच्या स्पर्धेतलं. 2021 च्या पर्वात गॉटमिक नावाचा ट्रान्स पुरुष उतरला. जन्माच्या वेळी मुलगी ठरवला गेलेला, पुढे पुरुष म्हणून जगणारा हा कलावंत रंगमंचावर बाईचा साज चढवून स्पर्धा करत होता. कपड्यावरून ओळख वाचणाऱ्यांनी याचं काय करायचं?

हिजडा समाजातही हिशेब वेगळा. हैदराबादच्या वस्तीत राहून अभ्यास केलेल्या गायत्री रेड्डी यांनी 2005 च्या पुस्तकात नोंदवलंय की तिथे साडी नेसणाऱ्या आणि न नेसणाऱ्या कोतींना (बायकी वळणाच्या पुरुषांना) वेगवेगळी नावं आहेत. साडी न नेसणाराही आपलाच, फक्त पंगत वेगळी. म्हणजे खुद्द ज्यांना आपण साडीवरून ओळखतो, ते साडीला प्रवेशपत्र मानत नाहीत. पँट-शर्टात नोकरीवर जाणारी, घरच्यांच्या भीतीने मिशी ठेवणारी ट्रान्स स्त्री हीसुद्धा ट्रान्स स्त्रीच असते, ही याचीच दुसरी बाजू. आपल्या चर्चेत ती सहसा निसटते.

कायद्याने मात्र कपडाच पकडला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग ब्रिटिशांनी हिजड्यांसाठी लिहिला. नोंद झालेला इसम बाईच्या वेशात किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग 1911 मध्ये रद्द झाला, पण निजामाच्या हैदराबादेत तशाच धर्तीचा कायदा नंतर आला, आणि तेव्हा मराठवाडाही त्याच संस्थानात होता. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै 2023 मध्ये. तोवर लुगडं हा गुन्ह्याचा पुरावा म्हणून कायद्याच्या पुस्तकात शाबूत होतं.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रान्सजेंडर’ या मोठ्या मांडवाखाली कोण कोण येतं हे समजावताना भिन्नलिंगी वेश करणाऱ्यांचाही उल्लेख केला. क्रॉसड्रेसिंग म्हणजे ट्रान्सच, असं म्हणणारे याकडे बोट दाखवतात. चळवळीतही 1992 मध्ये लेस्ली फाइनबर्गने हाच विस्तृत अर्थ धरला होता: लिंगभावाचे नियम मोडणाऱ्या सगळ्यांनी एकत्र यावं म्हणून. पण त्याच नालसा निकालाचा गाभा असा की ओळख ज्याची त्याने ठरवायची. 2019 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याच्या व्याख्येत पारलिंगी पुरुष, पारलिंगी स्त्री, आंतरलिंगी, जेंडरक्विअर, किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता एवढे सगळे आले. कपड्यांचा उल्लेख नव्हता. माझं मत असं की मांडव आसऱ्यासाठी असतो. रस्त्यावर मार खाताना क्रॉसड्रेसर आणि ट्रान्स स्त्री यांच्यात मारणारा फरक करत नाही, तेव्हा एका मांडवाखाली उभं राहणं शहाणपणाचंच. पण रस्त्याने जाणाऱ्याला धरून आणून ‘तू आमच्यातला’ म्हणायला तो मांडव नाही.

आणि हा सगळा खल फक्त पुरुषांबद्दल का? पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या बाईचा फोटो पेपरात पहिल्या पानावर येतो. तिच्या लिंगओळखीची चौकशी कुणी करत नाही. जीन्स-शर्ट तर आता बाईचाच पोशाख झाला आहे. बाईने पुरुषाचं घेतलं तर ती वर चढली, पुरुषाने बाईचं घेतलं तर तो खाली उतरला, हा हिशेब मनात पक्का असल्याशिवाय हा फरक होणार नाही. ‘साडी नेसली म्हणजे तो पुरुष नाहीच’ या घाईमागे पुष्कळदा हीच भावना असते की पुरुषाने एवढं खाली का यावं.

प्रत्यक्षात हा प्रश्न बहुतेकांपुढे येतो तो घरात. नवऱ्याच्या बॅगेत आपली साडी सापडते, किंवा मुलगा दार लावून बहिणीचा ड्रेस घालून आरशासमोर उभा दिसतो. बायकोला धक्का बसतो, फसवल्यासारखं वाटतं, आणि तिला विचारायचा पूर्ण हक्क आहे. पण विचारावं त्यालाच, आणि उत्तर एका रात्रीत मिळेल अशी अपेक्षा धरू नये. पुष्कळांना ते स्वतःलाच ठाऊक नसतं. तो ‘मी पुरुषच आहे, मला हे आवडतं’ म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवा. काही वर्षांनी वेगळं काही म्हणाला तर त्यावरही ठेवा. लग्न लावून दिलं की सुटेल, हा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना मात्र दारातूनच परत पाठवा, कारण त्यात तिसऱ्या घरातल्या मुलीचं आयुष्य ओढलं जातं. समुपदेशक गाठायचा तर दोघांनी बोलायला शिकावं यासाठी गाठा, ‘दुरुस्ती’साठी नको. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये अशा तथाकथित रूपांतर उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. ‘आम्ही मुलाला नॉर्मल करून देतो’ असं सांगणाऱ्या डॉक्टरची तक्रार राज्य वैद्यकीय परिषदेकडे करता येते.